खड्डा नव्हता, तर तू बुजवलंस काय?

सुनंदाची माय,

तू गेलीस त्याला महिना व्हायचाय, आन् पावसानं तो खड्डा परत उघडा पडला. जागा तीच. पुलाच्या अलीकडं, बाभळीपाशी, जिथं आपण दोघं पडलो होतो. परवा बघितला आन् पयलं मनात आलं, घरी जाऊन तुला सांगावं. दारापर्यंत आलो बी. मंग ओट्यावर तुझं वॉकर दिसलं. नुसतंच उभं.

म्हणून लिहून राहिलो. माझी शाळा तिसरीपर्यंत, ती बी अर्धी. अक्षर वाकडं हाय, पण हात अजून माझाच हाय. विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला लोक लई चांगलं बोलले. कष्टाळू होती, मायाळू होती, कुणाला उलटून बोलली न्हाई. ते ऐकलं आन् मला हसू फुटलं. सुनंदानं डोळे वटारले. पण तूच सांग, उलटून बोलली न्हाई? तू? तुझ्यापुढं सरकारी वकील टिकला न्हाई, तिथं माझी काय कथा. ते कुणी सांगितलं न्हाई, म्हणून मी सांगतो. चुकलं तर सवयीप्रमाणं मधी बोल.

पयल्यापासून सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला कळंल. तुला ठाऊकच हाय, तरी ऐक.

सुनंदाकडं लातूरला निघालो होतो. फाट्यापर्यंत आपली मोपेड, पुढं एसटी. मी पुढं, तू मागं, तुझ्या मांडीवर लेकीसाठी ज्वारीचं पीठ. घर सुटल्यापासून तुझं चालू होतं.

"आवं, जरा दामटा की. ती म्हैस बी पुढं गेली."

"म्हशीला एसटी धरायची न्हाई," मी म्हणलो.

"आपल्याला तर धरायची हाय ना? का सुनंदाला सांगू, उद्या येतो म्हणून?"

पाऊस नुकताच होऊन गेला होता. बाभळीपाशी सडकेवर पाणी होतं. मला वाटलं डबकं. डबकं कसलं, गुडघाभर खड्डा. पुढचं चाक आत गेलं, मी एकीकडं, तू एकीकडं, पिठाचा चिखल. मी उठलो. तू उठायला गेलीस आन् उठलीच न्हाईस. तरी तोंडातून पयला शब्द काय निघाला? "पीठ बघा आधी, पीठ!" खुबा मोडला होता तुझा, आन् मी येड्यासारखा पिशवी उचलत होतो, कारण तू सांगितलं होतंस.

लातूरला दवाखान्यात तुझ्या खुब्यात लोखंड बसवलं. इकडं गावात जमादार आला, पंचनामा केला. त्यानं लिहिलं ते मी त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. वाहन भरधाव वेगात आन् हयगयीनं चालवून पत्नीच्या दुखापतीस कारणीभूत. भरधाव! मी! आन् खड्ड्याचा त्या कागदात एक शब्द न्हाई.

मी म्हणलो, "जमादार, खड्डा कामून लिहिला न्हाई?"

तो म्हणला, "बाबा, खड्ड्यावर गुन्हा कसा लावू? त्याला नाव न्हाई, बाप न्हाई, पत्ता न्हाई. कागदात माणूस लागतो."

"बाप हाय की," मी म्हणलो. "सडकेच्या कडंला त्याच्या बापाची पाटी लावलीय. ठेकेदार कोण, देखभाल कुणाकडं, कवापर्यंत, सगळं रंगवलंय. जा, वाच."

पाटी वाचायला काही तो गेला न्हाई. उन्हात तिथवर जाण्यापेक्षा त्याला माझं नाव लिहिणं सोपं पडलं.

सगळ्यांनी मला समजावलं. जावई म्हणले, "मामा, किरकोळ गुन्हा हाय. कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा." मी कबूल केलं न्हाई. गावच्या सोसायटीतले लोक म्हणले, ती जागाच कडक हाय, तिथं आधी बी माणसं पडलीत. कुणीतरी बाभळीखालच्या दगडाला शेंदूर फासला, नारळ फोडला. मी म्हणलो, वा रे वा! दगडाला शेंदूर लागला की बांधकाम खातं बी मोकळं आन् ठेकेदार बी मोकळा. आपल्या घरात आपण शेंदूर मानत न्हाई, कायदा मानतो. सडक नीट ठेवायचं काम ज्याच्याकडं, तिच्यावर पडलेल्या माणसाचा जाब बी त्यालाच. मंग एक वकीलबाई धरली, तिनं हेच जरा मोठ्या शब्दांत लिहिलं आन् तालुक्याच्या कोर्टात आपण दोघांनी दावा लावला.

पण खरं सांगू? मला भरपाईचं काही नव्हतं. सरकारच्या कागदावर लिहिलं होतं की धुरपताला तिच्या नवऱ्यानं पाडलं. तो कागद कुठंतरी कपाटात जाऊन बसणार, मी मेल्यावर बी तिथंच राहणार. ते मला मंजूर नव्हतं.

आन् एक गोष्ट मी तुला कधी विचारली न्हाई. उठताबसता तू "आई गं" म्हणायचीस, वॉकरचा तो टक् टक् आवाज करत चुलीपर्यंत जायचीस, तवा मी तुझ्या तोंडाकडं बघायचो. हिच्या मनात काय असंल? हिला बी वाटतं का, की म्हाताऱ्यानं पाडलं? तुला सगळ्या जगाबद्दल मत होतं, पण ह्या बाबतीत तू गप. मी बी गप. आपल्या घरात इतकी शांतता कवाच नव्हती.

खात्याचं उत्तर आलं. सदर ठिकाणी रस्ता सुस्थितीत असून खड्डा अस्तित्वात नाही. मी तो कागद घेऊन खड्ड्यात उतरलो आन् आत उभा राहून एकएक अक्षर लावत परत वाचला. पाणी घोट्याला लागून राहिलं होतं. खड्डा अस्तित्वात नाही.

मंग कोर्टानं एक कमिशनर नेमला. म्हणजे एक वकीलच, पण कोर्टाच्या वतीनं जागा बघून लिहून देणार. तो येईपर्यंत खड्डा राखायचा होता. आन् तवाच, इतक्या दिवसांनी, खात्याला आपली सडक आठवली. गँग आली, डांबर आलं, टेम्पो आला. मी गेलो आन् खड्ड्यात मांडी घालून बसलो.

मुकादम हात जोडून म्हणला, "बाबा, उठा. आम्हाला वरून हुकूम हाय."

"मला बी हाय. कोर्टाचा."

"आयुष्य गेलं ह्या कामात. खड्डे बुजवा म्हणून शिव्या खाल्ल्या. बुजवू नका म्हणणारा माणूस तुमच्या रूपानं पयल्यांदा बघितला."

गँग गेली. आपलं घर सडकेला लागूनच, त्यामुळं ओट्यावरून तू सगळं बघत होतीस. ऊन चढलं तशी वॉकर टेकत आलीस, मागं शेजारची सुमन भाकरी घेऊन. मला आठवतं तू काय म्हणलीस.

"उठता का आता? का अंडी उबवून राहिलेत?"

सुमन पदर तोंडाला लावून हसली. मी खड्ड्यात बसूनच जेवलो. ठेचा झकास होता, ते तवा सांगितलं न्हाई, कारण मी रागात होतो. आता सांगतो.

तिथंच आपलं भांडण सुरू झालं, जे अजून मिटलं न्हाई.

मी म्हणलो, "हा खड्डा माझा साक्षीदार हाय."

तू म्हणलीस, "तुमचा साक्षीदार रोज एकाला लोळवून राहिला. काल दूधवाला पडला. शाळेच्या पोरी सायकली हातात धरून जातात."

"मी बाभळीचा फाटा रोवलाय की. वर लाल चिंधी बांधलीय."

"फाटा शेळ्यांनी खाल्ला. चिंधी तेवढी राहिली."

दुष्काळात ह्याच सडकेवर खडी फोडताना मी तुला पयल्यांदा बघितलं होतं. तवा बी तू अशीच होतीस. मुकादमाला म्हणत होतीस, ही खडी मोठी राहिली, उद्या सडक दात काढंल. तुझं कुणी ऐकलं न्हाई. मी ऐकलं. तुझ्या बापाकडं माणूस पाठवला तो त्याच्यामुळंच. आता तूच मला म्हणून राहिली होतीस की सडकेचं भोक मिटवू, आन् मी म्हणत होतो, राहू दे.

त्यात सुमनची सून भरल्या दिवसांची. तू म्हणलीस, "तिला घेऊन ऑटो ह्याच खड्ड्यातून जाणार. पोटात हिसका बसला म्हणजे?"

"कमिशनर उद्या येतोय. एक दिवस तर थांब."

"लेकराला सांगू का, तारीख पडलीय म्हणून?"

मी चिंधी तेवढी परत घट्ट बांधली.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला, मुखेडला गेलो, कमिशनरला आन् वकीलबाईला घेऊन यायला. जीप फाट्यावरून गावाकडं वळली तवा मी पुढं बसून ऐटीत सांगत होतो, साहेब, आता धरून बसा, खड्डा आला की डोकं आपटंल. डोकं आपटलं न्हाई. जीप सरळ गेली. मी म्हणलो, मागं घ्या. मागं घेतली. बाभूळ होती, शेंदराचा दगड होता, लाल चिंधी होती. खड्डा नव्हता. तिथं मुरूम दाबून बसवलेला, वर पाणी मारलेलं, आन् कडंला घमेलं पालथं घालून तू बसलेली. बचत गटाच्या बायका तुझ्या मागं दडल्या होत्या. ठेकेदारानं कडंला टाकून दिलेला मुरमाचा ढीग अर्धा झाला होता. तुझे हात कोपरापर्यंत लाल.

कमिशनर म्हणला, "खड्डा कुठं आहे?"

मी तुझ्याकडं बघितलं. तू माझ्याकडं बघितलं न्हाईस. सुमनच्या सुनेला घेऊन ऑटो ज्या बाजूला गेला होता, त्या बाजूला बघत होतीस.

त्यानं लिहून घेतलं, पाहणीवेळी खड्डा आढळून आला नाही. वकीलबाई कपाळाला हात लावून जीपमध्ये जाऊन बसली. खात्याच्या गँगला मी हाकललं होतं, त्यांचं काम माझ्या बायकोनं केलं. फुकटात केलं, आन् त्यांच्यापेक्षा चांगलं केलं.

मी बोलणं सोडलं. तू बी सोडलंस. घरात दोनच माणसं, तरी निरोप सुमनच्या हातानं जायचे. "सुमन, म्हाताऱ्याला सांग, जेवायला वाढलंय." "सुमन, म्हातारीला सांग, मला भूक न्हाई." सुमन बेजार झाली. शेवटी ती दवाखान्यातून नात घेऊन आली, ते फडक्यातलं गाठोडं तू तिच्याकडून घेतलंस आन् माझ्या मांडीत आणून टाकलंस.

"हं, घ्या. तुमचा साक्षीदार."

पोरीनं माझं बोट धरलं. मंग कसं बोलायचं न्हाई? मी म्हणलो, "एक फोन तर करायचा होतास."

"केला असता तर तुम्ही न्हाई म्हणला असता."

"म्हणलो असतो."

"म्हणून न्हाई केला."

आज बी माझं म्हणणं हाय, की फोन करायला पायजे होता. हे भांडण तू जिंकलीस असं समजू नको.

तारखांत दोन-तीन वर्षं गेली, मंग तुझी साक्ष. तू इस्त्रीची पांढरी साडी नेसलीस. त्या उंच पिंजऱ्यात चढायला मी हात दिला तर झटकलास. वकीलबाईनं मला आधीच सांगितलं होतं, बाबा, खड्ड्याचा पुरावा आता पातळ झालाय, आईंना सांभाळून बोलायला सांगा. मी तुला सांभाळून बोलायला सांगणार! मी मागच्या बाकावर जाऊन बसलो.

खात्याचा सरकारी वकील चांगला शिकलेला, गोड बोलणारा होता. म्हणला, "आजी, कमिशनर साहेबांना तिथं खड्डा दिसला नाही. बरोबर?"

"बरोबर. कसा दिसंल? मी बुजवला."

"सरकारी रस्त्यावर काम करायची परवानगी तुम्हाला कुणी दिली होती?"

"कुणीच न्हाई."

"मग विनापरवाना तुम्ही तो खड्डा का बुजवला?"

जजसाहेबांनी मान वर केली. म्हणले, "वकीलसाहेब, काय विचारलंत ते स्वतः एकदा ऐका." वकील हातातले कागद चाळायला लागला. आन् तू, धुरपता, तू त्याच्याकडं लेकराकडं बघावं तसं बघितलंस.

"बाबा, खड्डा नव्हता, तर मी बुजवलं काय?"

मागं कुणीतरी खुसखुसलं. मी न्हाई हसलो. मला कळतच नव्हतं काय झालं. जे काम मी पुराव्याचा सत्यानाश म्हणत होतो, तेच घेऊन तू पिंजऱ्यात उभी होतीस.

वकील सावरला. म्हणला, "बरं. पण तुमचे यजमान गाडी भरधाव चालवत होते, हे तर खरं?"

तू दोन्ही हात पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवलेस. "साहेब, ह्यांच्याशी लग्न करून माझे केस पांढरे झाले. हे अजून एकदा बी कुठं वेळेवर पोचले न्हाईत. लग्नं लागून जातात, आम्ही पंगतीला पोचतो. पंगती उठतात, आम्ही भांडी घासायला पोचतो. त्या दिवशी आम्हाला म्हशीनं मागं टाकलं होतं. ह्यांना कुणी भरधाव चालवून दाखवावं, मी आत्ता केस मागं घेते."

जजसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. माझे कान तापले. जन्मभराची माझी इज्जत तू तिथं मांडून ठेवलीस, आन् तीच माझ्या कामाला आली.

तरी तो सोडायला तयार न्हाई. "म्हणजे आजी, तुमचा खुबा मोडला त्याला तुमचे यजमान जबाबदार नाहीत, असं तुमचं म्हणणं?"

तवा तू पयल्यांदा माझ्याकडं बघितलंस. एवढ्या लांबून. मी खाली बघायला गेलो, पण बघवलं न्हाई, परत वर बघितलं.

"ह्यांनी मला पाडलं न्हाई," तू म्हणलीस. "आजपर्यंत कवाच न्हाई पाडलं. सडकेनं पाडलं. लिहून घ्या."

लिहून घेतलं त्यांनी. जी गोष्ट मी घरात विचारू शकलो न्हाई, ती तू भर कोर्टात, शपथेवर सांगितलीस.

बाहेर आलो. गाड्यावर चहा घेतला. मला लई काही बोलायचं होतं. तू बी वाट बघत होतीस, मला ठाऊक हाय. मी म्हणलो, "चहा गोड हाय."

तू म्हणलीस, "हाव. साखर जादा पडलीय."

तेवढंच बोललो आपण. आता वाटतं, तुला बी समजलं असंल. समजलं होतं ना? तुला न सांगता माझं सगळंच समजायचं, हे एक न समजून कसं चालंल.

निकालाच्या आधी तू गेलीस. साधा ताप, मंग छातीत कफ, मंग लातूरचा तोच दवाखाना. जाताना ऑटोत माझ्या खांद्यावर मान ठेवून म्हणलीस, "ऑटोवाल्याला सांगा, दामट." मी सांगितलं न्हाई, त्याचं तोच दामटून राहिला होता. बाभळीपाशी ऑटो हलला बी न्हाई. तुझा मुरूम तवा घट्ट होता.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी जावई मला बाजूला घेऊन म्हणले, "मामा, दाव्यात दुरुस्ती करू. आत्या त्या खुब्यापायीच गेल्या असं लिहू. केस जड होईल." मनानं वाईट माणूस न्हाई तो, लेकीला नीट सांभाळतो. मी म्हणलो, "जावईबापू, ती तापानं गेली. डॉक्टरनं तसं सांगितलं, तुम्ही बी ऐकलं. खड्ड्यानं तिला लंगडं केलं. तेवढं त्यानं केलं, तेवढंच त्याच्या बापाकडून वसूल करायचं. ती पिंजऱ्यात एक शब्द जादा बोलली न्हाई. मी तिच्यामागं कसा बोलू?" सुनंदा ऐकत होती. तिनं माझ्या खांद्यावरचा गमछा नीट केला. तुझ्यासारखा, जरा जादाच ओढून.

वकीलबाईला विचारलं, माणूस गेल्यावर साक्षीचं काय होतं? ती म्हणली, "बाबा, आईंची साक्ष पुरी झालीय, उलटतपासणी झालीय. ती आता कुणी पुसू शकत नाही." मंग बरं वाटलं. घरात तू न्हाईस, पण तिथं तालुक्याला, कोर्टाच्या कागदात, तू अजून कठड्यावर हात ठेवून उभी हाईस.

आन् परवा तो खड्डा उघडा पडला. सुमनची नात आता पळत सडकेवर येते, अंगणवाडीत जाते. मी बाभळीखाली उभा राहिलो. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. भांडायला कुणी नव्हतं. म्हणून दोन्ही बाजूंनी मीच भांडलो.

मंग काय केलं सांगतो. सुमनला आन् शाळेच्या गुरुजीला बोलावलं. खड्ड्यात टेप धरला, फोनवर फोटो काढले, पाटीसकट काढले. पंचनामा लिहिला, दोघांच्या सह्या घेतल्या, तो वकीलबाईला पाठवला. मंग घमेलं घेतलं. आधी पंचनामा, मंग मुरूम. एवढं सोपं होतं गं. आन् आपण भांडून राहिलो. पण ध्यानात ठेव, हे मला सुचलं. तुला न्हाई.

बायका म्हणल्या, बाबा, आम्ही भरतो. मी भरू दिलं न्हाई. मुरूम टाकला, पाणी मारलं, धुम्मस मारून ठोकून बसवला. हात अजून दुखून राहिलेत. तुझ्यासारखा बसला न्हाई, एक कोपरा वर राहिलाय. जाता-येता तो मला दिसतो आन् तुझा आवाज ऐकू येतो. मंग घमेलं पालथं घालून तिथंच बसलो. पोरीचं बोट धरून सुमन पलीकडं गेली. एक एसटी गेली. हलली न्हाई.

निकाल लागायचाय. वकीलबाई म्हणते, आशा हाय. लागला की त्या पयल्या कागदावरचं "भरधाव" कसं खोडून घ्यायचं ते मी बघतो, त्याशिवाय मी कुठं जात न्हाई. तू पुढं गेलीस, माझी वाट बघत दारात उभी राहू नको, पाय दुखंल. मी येतो. पण उशीर होईल. माझा वेग तू शपथेवर सांगितलेला हाय.